घमेल्यातलं रक्त

"घे बाई, तुझा नैवेद्य," असं म्हणत हौसामावशीनं नळ्यांचा स्टँड माझ्या टेबलावर आदळला.

जांभळ्या झाकणाच्या सात नळ्या होत्या. रात्रभरात बाळंत झालेल्या सात बायका, त्यांची सात बाळं, आणि प्रत्येक बाळाच्या नाळेतलं अर्धा चमचा रक्त.

"मावशी, जरा हळू. रक्त आहे ते."

"रक्ताचं मला नगं सांगू. पहाटेपासनं त्येच पुसतीया," असं म्हणून ती पदराला हात पुसत निघूनही गेली. बाळंतपणाच्या खोलीत तिची बावीस वर्षं गेली होती. हातमोजे कुठं असतात इथपासून बाळ कधी बाहेर येईल इथपर्यंत नव्या डॉक्टरांना सगळं तीच सांगायची. लिहिता-वाचता मात्र तिला येत नव्हतं, आणि त्याची तिला कधी अडचणही झाली नव्हती.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल, त्याला चिकटून नवं मेडिकल कॉलेज, आणि तळमजल्यावरच्या लॅबमध्ये मी, शालन धोत्रे, टेम्पररी टेक्निशियन. दर अकरा महिन्यांनी माझी ऑर्डर संपायची, मला एक दिवस घरी बसवायचे आणि मग पुन्हा ऑर्डर मिळायची. असं चार वर्षं चाललं होतं. माझे हात कायम दगडाखाली होते, हे आधीच सांगून टाकते. सबब म्हणून नव्हे, नुसतं माहीत असावं म्हणून.

त्या वर्षी आमच्या लॅबमध्ये नाळेच्या रक्ताचा एकच उद्योग जोरात होता. कल्पना बालरोग विभागाचे प्रमुख डॉ. उपळेकर यांची. आणि खोटं कशाला बोलू, मला ती फार आवडली होती. नुकतं जन्मलेलं बाळ सुरुवातीला गुलाबी दिसतं, टाहो फोडतं, आणि काही तासांनी एकाएकी श्वासासाठी धडपडायला लागतं. शहरात यंत्रं असतात. वाडीवस्तीवरच्या केंद्रात एक नर्स आणि एक बल्ब असतो. सरांचं म्हणणं असं, की जन्मताक्षणी नाळेतलं रक्त घ्यायचं आणि त्यातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या. त्यांच्या दोन मुख्य जाती, एकीला दुसरीनं भागायचं. भागाकार अडीचच्या वर गेला तर या बाळाला त्रास होणार असं धरून त्याला वेळेत मोठ्या दवाखान्यात हलवायचं. बाळाला सुईसुद्धा टोचायची नाही, कारण नाळ आणि वार आपण तशीही टाकूनच देतो. सर हे सांगायला लागले की त्यांचा आवाज बदलायचा. त्यांच्या बहिणीचं बाळ असंच बैलगाडीत, दवाखान्याच्या वाटेवर गेलं होतं.

आठशे बाळं तपासायची होती आणि त्यावर सरांचा विद्यार्थी डॉ. विक्रांत पाटणे प्रबंध लिहिणार होता. आमचा आकडा अभ्यास संपेपर्यंत वॉर्डला कळू द्यायचा नाही, असा सरांचाच लेखी नियम होता. पण सहाशे बाळं झाली तेव्हा आकडे इतके झकास जुळत होते की सरांनाच धीर निघेना. त्यांनी तोंडी हुकूम दिला. अडीचच्या वर असेल ते बाळ काचेच्या खोलीत, खाली असेल ते आईच्या कुशीत. काचेची खोली म्हणजे अशक्त बाळांना ठेवायचा कक्ष. बाहेरच्या माणसांना काचेतून बाळ दिसायचं, म्हणून सगळे तिला तेच म्हणत.

तर त्या फाल्गुनातल्या सकाळी मी सातही नळ्या यंत्राला लावल्या. रक्त काळपट होतं. एका नळीत बारीक गाठ होती, ती काडीनं काढून टाकली. असं नेहमीच असायचं. नाळेचं रक्त असंच असत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. विचारलं कुणालाच नव्हतं.

आकडे निघाले. सारिका हराळेचं बाळ, एक पॉइंट सात. करुणा आवळेचं बाळ, तीन पॉइंट चार. बाकीची पाच अडीचच्या खाली. मी सही केली आणि दहाच्या आत कागद वर गेले.

घोटाळा कळला तो बाराच्या सुमाराला. सारिका हराळेचा रक्तगट एबी निगेटिव्ह होता. आई निगेटिव्ह असली की बाळाचाही गट काढायचा असतो, कारण आईला एक इंजेक्शन द्यायचं की नाही ते त्यावर ठरतं. मी तीच नळी घेतली, काचपट्टीवर थेंब टाकले. गट आला ओ पॉझिटिव्ह.

मी पट्टी धुतली आणि पुन्हा केलं. पुन्हा ओ.

एबी गटाची आई बाळाला ए तरी देते नाहीतर बी तरी देते, रिकाम्या हातानं पाठवत नाही. पहिल्या वर्षाच्या पोरीलाही हे पाठ असतं. म्हणजे नळीवर नाव हराळेच्या बाळाचं होतं आणि आतलं रक्त भलत्याचंच. आणि माझ्या सहीचा एक पॉइंट सात वर जाऊन दोन तास झाले होते.

वॉर्डचा फोन एंगेज लागत होता. मी जिन्यानं पळत वर गेले.

सारिका पाचव्या खाटेवर होती. विशीतली पोर, डोळे लाल. शेजारी तिची सासू बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. माझा पांढरा कोट पाहून म्हातारी अर्धवट उठलीच.

"तुमी डाक्टर हाय का बाई?"

"नाही आजी. मी रक्त तपासते."

"म्हंजे तुमीच सांगितलं व्हय, बाळ बरं हाय म्हनून?" तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. "सकाळधरनं कण्हतंय ओ. मी म्हनतीया पोर कण्हतंय, ह्ये समदे म्हनत्यात कागदावर बरं हाय. कागद कण्हतोय का पोर?"

मी वाकून पाहिलं. मी काही डॉक्टर नाही, पण त्याला डॉक्टर लागत नव्हता. प्रत्येक श्वासाला बाळाच्या घशातून बारीक हुंकार येत होता, जड ओझं उचलणाऱ्या माणसाचा येतो तसा. नाकपुड्या फुलत होत्या. बरगड्यांखाली दर श्वासाला खळगा पडत होता आणि ओठांची कड निळसर झाली होती.

"सिस्टर!" मी ओरडले. "हा आकडा या बाळाचा नाही!"

रूथ सिस्टर दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी सलाइन लावत होत्या. त्या आल्या, बाळाकडे एकदा पाहिलं, आणि मला एक शब्दही न विचारता त्याला उचलून काचेच्या खोलीकडे धावत सुटल्या. मी मागोमाग. आत गेल्यावर त्यांनी बाळाला दिव्याखाली ठेवलं, ऑक्सिजन लावला, आणि मग माझ्याकडे वळून दात-ओठ खात म्हणाल्या,

"दोनदा फोन केला मी पाटणेंना. बाळ कण्हतंय म्हटलं. त्यांनी विचारलं, आकडा किती? मी म्हटलं, एक पॉइंट सात. तर म्हणतात, मग नाटकं करतंय ते, दूध पाजा."

दहा तासांचं पोर नाटकं करतंय!

त्याच खोलीत, दोन पाळणे सोडून, आवळेचं बाळ होतं. डोक्यावर ऑक्सिजनची काचेची टोपी, पायाला तार. गुलाबी, टरटरीत, आणि भुकेनं नुसता थयथयाट चालवलेला. ते दहा वाजल्यापासून तिथं होतं. कुणीतरी त्याला दूध पाजायलाही बंदी केली होती, कारण त्याचा आकडा तीन पॉइंट चार होता.

मी दोघांच्याही टाचेतून एकेक थेंब घेतला. हराळेचं बाळ बी पॉझिटिव्ह. आवळेचं ओ. खाली येऊन आवळेच्या नावाची नळी तपासली, तिच्यात बी. सरळ अदलाबदल झाली होती. पण दोन बाळं काही एका वेळी जन्मली नव्हती, मग नळ्या बदलल्या कशा?

ते मला अनसाबाईनं, म्हणजे त्या म्हाताऱ्या आजीनं सांगितलं. आपण काही सांगतोय हे तिला माहीतही नव्हतं. काचेच्या खोलीबाहेरच्या बाकावर ती पदराचा बोळा तोंडाशी धरून बसली होती. मी शेजारी बसले. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं बोलायला सुरुवात केली.

"कायबी येळेवर हुईना बगा हितं. बाळ झालं रातच्या दीडला. वार मागितली, तर द्यायला सकाळचं नऊ."

त्या भागात वार घरी नेऊन न्हाणीजवळ पुरतात. ती दुसऱ्याच्या हाती किंवा कुत्र्याच्या तोंडी लागू नये म्हणून घरचं माणूस बाळंतपणाच्या दारातच बसून असतं.

"नऊ का वाजले?"

"डाक्टरनं रगात काढायचं ऱ्हायलंय म्हनं. घमेल्यात समद्यांच्या वारा येका जागी पडल्या हुत्या. मी म्हनलं, बाई, ह्यातली आमची कंची? तर मावशीनं गाठी मोजल्या नि म्हनली, ही घे."

मी बाकावरून उठले ते थेट बाळंतपणाच्या खोलीमागच्या धुण्याच्या खोलीत. दोन घमेली होती. एक धुऊन पालथं घातलेलं. दुसऱ्यात तीन वारा अजून पडून होत्या आणि वर माश्या घोंगावत होत्या. खिडकीतून ऊन थेट त्यांच्यावर येत होतं. प्रत्येक नाळेला बँडेजची पट्टी बांधलेली. एकीला सहा गाठी, एकीला दोन, एकीला एक.

"मावशी, ह्या गाठी कसल्या?"

हौसामावशी फडकं पिळत होती. "खाटंच्या. तिसऱ्या खाटंची बाई असली की तीन गाठी. मला कुटं लिवायला येतंय? माझं कवाच चुकत न्हाई."

"आणि रक्त कधी काढतात?"

"सकाळी. पाटने डाक्टर साडेआटला येत्यात नि समद्यांचं येकदम वडत्यात. रातचं उठवू नगा म्हनलेत मला. परतेक बाळाला उठायचं म्हंजे मानसानं झोपायचं कवा?"

"कधीपासून चाललंय हे?"

"दिवाळीपासनं." मग माझा चेहरा पाहून तिनं फडकं खाली ठेवलं. "का गं? कायतर झालं का?"

"हराळेची सारिका रात्री कुठल्या खाटेवर होती?"

"तीनवर. पर तिथला पंखा बंद. पोरीचा घामानं लोळागोळा झाला, म्हून सिस्टरनं सकाळी सा वाजता तिला पाचवर घातली नि पाचवरच्या आवळेच्या सुनंला तीनवर." ती बोलता बोलता थांबली. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाईला माझ्या आधी सगळं कळलं. "अगं आई गं. म्या वार बरोबर दिली गं. म्हातारीला तिचीच दिली. डाक्टरनं नाव खाटंवर बगून घातलं!"

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. तीन गाठींची वार घ्यायची, साडेआठला तिसऱ्या खाटेवर कोण आहे ते लांबून बघायचं, नळीवर त्याचं नाव चिकटवायचं. जन्मताक्षणी घ्यायचं रक्त सात तास घमेल्यात तापायचं, आणि त्यातून बाळाच्या श्वासाचं भविष्य सांगायचं. आणि मी, काळपट रक्त पाहूनही, रोज सकाळी त्यावर सही ठोकत होते.

दोन वाजता मी सरांच्या खोलीत गेले. पाटणे तिथं आधीच येऊन बसला होता, म्हणजे बातमी पोचली होती. उंच, गोरा, नेहमी इस्त्रीचा शर्ट. मला पाहून तो मोबाइलमध्ये घुसला.

"बाळ कसं आहे?" सरांनी पहिल्यांदा तेच विचारलं, ते खरं सांगायला हवं.

"नाकात नळी लावलीय. रूथ सिस्टर म्हणतात, अजून तासभर गेला असता तर हाती लागलं नसतं."

सरांनी डोळे मिटले. मग मी सगळं सांगितलं. गट, गाठी, पंखा, घमेलं, दिवाळी. सर पाटणेकडे वळले.

"विक्रांत, हे खरं आहे?"

"सर, एखाद-दुसऱ्या वेळी…"

"दिवाळीपासून रोज," मी म्हणाले.

"तुम्ही लॅबमध्ये होता की लेबर रूममध्ये?" पाटणे फिस्कारला. "आणि एवढं होतं तर चार महिने सह्या कशाला केल्या?"

चोराच्या उलट्या बोंबा. पण त्यातली एक बोंब खरी होती.

मला वाटलं, आता सर टेबलावरची अभ्यासाची फाइल फेकून देतील. त्यांना त्या वेळी फेकावीशी वाटलीही असेल. पण त्यांनी ती जवळ ओढली आणि पानं उलटली.

"हराळेचं बाळ अभ्यासातून वगळा," ते म्हणाले. "कारण लिहा, नमुना अयोग्य."

"आणि आवळेचं, सर?"

"त्याचं काय?"

"त्याचा तीन पॉइंट चार त्याचा नाहीच. ते बाळ ठणठणीत आहे. आकडा पाहून त्याला काचेच्या खोलीत नेलं, ऑक्सिजन लावला."

पाटणेनं मान वर केली. "लावला ना? मग तक्त्यात 'ऑक्सिजन लागला का' या रकान्यात 'हो' येतं. आकडा जास्त, ऑक्सिजन लागला. जुळतंय की."

तो चेष्टेनं बोलत नव्हता, हीच तर किळस. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सरांनी हुकूम दिल्यापासूनचे सगळे सुंदर आकडे असेच जुळत होते! आकडा जास्त म्हणून आम्ही बाळाला ऑक्सिजन लावायचा, आणि ऑक्सिजन लागला म्हणून आकडा बरोबर ठरायचा. आकडा कमी म्हणून कण्हणाऱ्या बाळाकडे बघायचं नाही, आणि नोंद नाही म्हणून त्याला त्रास नाही. आणि हुकुमाच्या आधीचे? त्यातले दिवाळीनंतरचे सगळे घमेल्यातलेच होते.

"सर," मी म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून करू या. मी स्वतः लेबर रूमला थांबते. सकाळ-संध्याकाळ, म्हणाल तेव्हा."

"शालन, प्रबंध महिनाअखेर द्यायचाय," सर म्हणाले. फार मऊ आवाजात म्हणाले. "कल्पना बरोबर आहे. दोन-चार नळ्यांनी ती चूक ठरत नाही."

"दोन-चारच कशावरून?"

"जास्त कशावरून? तू मोजल्यास?"

मी मोजल्या नव्हत्या. मोजता येण्याजोगं काही उरलंही नव्हतं, रक्त नाल्यात आणि वारा लोकांच्या न्हाणीखाली. मी उठले. दारापाशी गेल्यावर ते म्हणाले, "तुझी परमनंटची फाइल आलीय माझ्याकडे. शुक्रवारी कमिटी आहे." धमकी नव्हती. अगदी प्रेमानं म्हणाले. त्या प्रेमाचा वास मला अजून येतो.

शुक्रवारी, म्हणजे बाळाच्या पाचव्या दिवशी, चार वाजता पाटणे स्वतः लॅबमध्ये आला. एकच कागद होता, टाइप केलेला. "सर्व नमुने जन्मानंतर पाच मिनिटांच्या आत घेण्यात आले. आकडे वॉर्डला कळवण्यात आले नाहीत." खाली माझं नाव आणि सहीसाठी टिंबं. कागदात एकही वाक्य खरं नव्हतं.

"कमिटी साडेचारला बसतेय," तो म्हणाला. "सर तिथंच आहेत."

घरी वडिलांना अर्धांगवायू झालेला होता, धाकटी बहीण शिकत होती, हे सगळं मी त्या पाच मिनिटांत स्वतःला सांगितलं. खरंही होतं ते. पण त्याआधी चार रात्री मी पडल्या पडल्या ठरवलं होतं की सही करायची नाही, तेव्हाही ते खरंच होतं.

मी खिशातलं निळं पेन काढलं आणि सही केली. नेहमीसारखी, नीट, शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढून.

पुढचं दोन वाक्यांत संपतं. पाटणेचा प्रबंध पास झाला, त्याच्या आभाराच्या पानावर "श्रीमती शालन धोत्रे यांचे काटेकोर काम" असं छापून आलं, आणि मी परमनंट झाले. आज चौदा वर्षांनी मी त्याच लॅबची प्रमुख आहे. मध्यंतरी एका आरोग्य केंद्रात शिबिराला गेले, तर तिथल्या नर्सच्या टेबलामागं हातानं लिहिलेला तक्ता चिकटवलेला. अडीचच्या खाली असल्यास पाठवू नये. कुठून आलं हे, विचारलं. "मोठ्या हॉस्पिटलचा अभ्यास आहे मॅडम," ती अभिमानानं म्हणाली. मी तो तक्ता फाडला. असे किती तक्ते कुठकुठल्या भिंतींवर असतील, ते मला माहीत नाही. सरांची कल्पना खरी होती की खोटी, तेही माहीत नाही. आम्ही ती तपासलीच नाही.

पण मला त्या सगळ्याची इतकी शिसारी येत नाही, जितकी त्या शुक्रवारच्या पाच वाजताची येते.

पाटणे कागद घेऊन गेला आणि मी तशीच बसून होते. दारात अनसाबाई उभी. नवं लुगडं, कपाळभर कुंकू.

"सापडला बाई तुमचा दवाखाना! समदं हुडकत आले."

"आजी, बाळ कसं आहे?"

"नळी काडली सकाळी. चमच्यानं दूद प्यायलं." ती हसली तर पुढचे दोन दात नव्हते. "आज पाचवी हाय त्येची. आत न्हेऊ देत न्हाईत, म्हून सारिकाच्या खाटंपाशीच मांडतो पूजा. सिस्टर व्हय म्हनल्या. समदं आनलंय, पाटा आनलाय, हळद-कुक्कू आनलंय. पर कोरा कागूद नि पेन घरला ऱ्हायलं. रातच्याला सटवाई येती नव्हं, कपाळी लिवायला? तिला नगं का काय?"

मी ड्रॉवर उघडला. वरच पाटणेच्या अभ्यासाच्या कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा होता, पाठीमागची बाजू पांढरी स्वच्छ. त्यातला एक ओढून मी पांढरी बाजू वर करून तिच्या हातात दिला. तिनं तो उलटून पाहिला.

"ह्याच्यावर आदीच लिवलंय की."

"मागून कोरा आहे, आजी."

"न्हाई बाई. दोनीकडनं कोरा लागतोय. न्हाईतर ती म्हनंल, ह्या पोराचं कुनीतर आदीच लिवून ठेवलंय, नि जाईल निघून."

मी दुसरा ड्रॉवर उघडला, तिसरा उघडला. रिपोर्टचे फॉर्म, रजिस्टरं, छापील चिठ्ठ्या. घाईघाईनं उपसत राहिले. माझे डोळे भरून आले होते आणि ते तिला दिसू नयेत म्हणून मी मान वर करत नव्हते. शेवटी तिलाच माझी कीव आली.

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. कागूद सिस्टरकडनं घेते. पेन तेवडं द्या तुमचं. तुमच्याच हातचं पायजे मला. सिस्टर म्हनल्या, रगातवाल्या बाई पळत आल्या म्हून पोर हाताला लागलं. तुमच्यावानी खऱ्या मानसाचं पेन असलं म्हंजे सटवाईबी चांगलंच लिवील."

माझ्या खिशाला एकच पेन होतं. मी ते काढून तिला दिलं. अनसाबाईनं ते दोन्ही हातांत घेतलं, डोळे मिटले, आणि कपाळाला लावलं.

मी तिला ते लावू दिलं.